नियंत्रित गटाच्या बाई

"उलटं आलंय," नाफडे सर म्हणाले.

मी टेबलाच्या पलीकडे बसले होते. मला वाटलं, सरांनी कागद उलटा धरलाय. मी अदबीने हात पुढे केला आणि तो फिरवून दिला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो पुन्हा होता तसा करून ठेवला.

"कागद नाही, ढोमणे मॅडम. उत्तर."

डॉ. विश्वंभर नाफडे विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि पीएच.डी.साठी माझे मार्गदर्शक. त्यांच्या हाताखाली तोवर दीड-दोन डझन लोक डॉक्टर झाले होते आणि एकाचाही प्रयोग फसला नव्हता. भौतिकशास्त्रात वगैरे प्रयोग फसतात. आमचा विभाग त्या पायरीच्या फार पुढे गेला होता. गोष्टींतून मूल्यशिक्षण, खेळांतून व्याकरण, गाण्यांतून भूगोल, जे ज्याने करून पाहिलं ते परिणामकारक ठरलं. एवढ्या परिणामकारक पद्धती सापडूनही आमच्या भागातली मुलं होती तिथेच होती, पण त्यावर कुणी विषय नोंदवला नव्हता.

माझ्या प्रबंधाचं नाव होतं, "'गणितसोबती' या संगणक-कार्यक्रमाची इयत्ता सातवीच्या गणितातील परिणामकारकता." परिणामकारकता शीर्षकातच घातलेली होती, त्यामुळे माझ्याकडे तसं फारसं काम उरलं नव्हतं. 'गणितसोबती'ची संकल्पना खुद्द सरांची आणि बांधणी त्यांच्या पुतण्याची. आमच्या शिक्षण संस्थेचे सचिव टालेसाहेब तो संस्थेच्या सगळ्या शाळांसाठी घेणार होते. फक्त आधी विद्यापीठाचा शिक्का हवा होता. तो आणायला मी होते. मी त्याच संस्थेच्या अध्यापक विद्यालयात शिकवत होते, तिथले प्राचार्य निवृत्तीला आले होते, आणि "पीएच.डी. करून या, खुर्ची तुमचीच," असं टालेसाहेबांनी मला चार माणसांत सांगितलेलं होतं.

प्रयोग सरळ होता. संस्थेच्या शाळेत सातवीच्या दोन तुकड्या. आधी दोघींची एकच चाचणी घेतली, तेव्हा दोन्ही सारख्याच कच्च्या निघाल्या. मग 'अ' तुकडी एक सत्रभर 'गणितसोबती'पुढे बसली. हा प्रायोगिक गट. 'ब' तुकडीला इंगोले बाई फळ्यावर शिकवत राहिल्या. हा नियंत्रित गट. शेवटी पुन्हा चाचणी. गुण मी स्वतः संगणकात भरले आणि आकडेवारीच्या कार्यक्रमाला विचारलं, फरक आहे का? तो कार्यक्रम फार मख्ख असतो. समोर कोण बसलंय, कुणाचा पुतण्या काय करतो, हे त्याला कळत नाही. त्याने सांगून टाकलं, फरक आहे, चांगला मोठा आहे, आणि 'ब' तुकडी पुढे आहे.

"घाबरू नका," सर म्हणाले. "फरक आलाय, हे महत्त्वाचं. फरकच आला नसता तर पंचाईत होती. कुणाच्या बाजूने आला, हा तपशील झाला."

"म्हणजे, सर?"

"तुम्ही प्रायोगिक गटाला 'एक' हा क्रमांक दिलाय आणि नियंत्रितला 'दोन'. एकाला दोन म्हणा, दोनाला एक. बाकी गणित संगणक करेल. त्याचसाठी तर आणलाय तो."

मी उठले. "आधी मी उत्तरपत्रिका तपासून घेते, सर. माझीच काहीतरी चूक झाली असेल."

यात सत्यप्रियता वगैरे काही नव्हती. मला खरंच तसं वाटत होतं. विभागात इतक्या वर्षांत कुणाचं चुकलं नाही आणि माझंच कसं उलटं येईल?

"अवश्य तपासा," सर म्हणाले. "बाईंनी कॉपी करू दिली असेल. तसं निघालं तर फारच छान."

शाळेच्या फाटकातच टालेसाहेब भेटले. त्यांनी माझ्या हातातली फाइल पाहिली.

"झालं का आमच्या सोबत्याचं?"

"थोडं तपासायचं राहिलंय, साहेब."

"तपासा, तपासा. पण दिवाळीच्या आत द्या. त्या इंगोले बाई तासिकेवर आहेत. संगणक आला की त्यांना मोकळं करून टाकू. उगीच नव्या सत्राच्या ऑर्डरी काढायला नकोत."

हे ते इतक्या सहज बोलले, की मीही सहज मान हलवली. पायऱ्या चढताना माझ्या लक्षात आलं, की मी कशाला मान हलवली.

कॉपी झाली नव्हती. 'ब' तुकडीची पोरं एकसारखी बरोबर नव्हती आणि एकसारखी चुकलीही नव्हती. प्रत्येक जण आपापल्या अकलेने चुकला होता. कॉपीत तसं होत नाही. मग मी 'अ' तुकडीतल्या पाच-सहा जणांना बोलावलं आणि कोऱ्या कागदावर एक उदाहरण घातलं. एका टाकीचा दोन पंचमांश भाग भरलाय, किती रिकामा? पहिल्या बाकावरची मुलगी कागदाकडे पाहत राहिली. तिने तो उलटून पाठही पाहिली.

"काय शोधतेस गं?"

"बाई, याच्यात दाबायचं कुठी?"

मी तिला घेऊन संगणकाच्या खोलीत गेले. "नेहमी करता तसं करून दाखव."

ती माऊस धरून बसली. पडद्यावर प्रश्न आला, खाली चार उत्तरं. तिने प्रश्नाकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिलं दाबलं, चुकलं. दुसरं दाबलं, चुकलं. तिसरं दाबलं, तशी पडद्यावर फुलं उधळली आणि सरांच्या पुतण्याचा आवाज आला, "शाब्बास! तू हुशार आहेस!"

"आणि उत्तर कसं काढायचं?"

"काढलं ना," ती म्हणाली. "कधी कधी चौथ्यातबी निघते."

एका यंत्रापुढे चौघे बसत. एकाच्या हातात माऊस, बाकीचे शाब्बासकी ऐकायला. सत्रभर 'अ' तुकडीने हेच केलं होतं. पडद्यावरच्या नोंदीप्रमाणे प्रत्येकाची प्रगती उत्कृष्ट होती.

इंगोले बाई शिक्षकांच्या खोलीत डबा खात होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. त्यांचं नाव पुष्पलता होतं, पण त्यांना त्या नावाने हाक मारायची शाळेत कुणाची छाती नव्हती. मला पाहून त्यांनी डबा झाकला.

"या. काय चुकलं आमचं?"

"काही नाही, बाई. तुमच्या तुकडीला गुण फार चांगले पडलेत."

"मग तपासणी आमची कशी? ज्यांना कमी पडले त्यांची करा."

"वर्गात काही वेगळं केलं होतं का, एवढंच विचारायला आले."

"तुम्हीच सांगून गेल्या होत्या ना, पारंपरिक पद्धतीने शिकवा म्हणून. मी विचारलं, पारंपरिक म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, नेहमीसारखं. मग नेहमीसारखं शिकवलं. कळलं नाही त्याला पुन्हा सांगितलं, तरी कळलं नाही त्याला घरी जाऊ दिलं नाही. यात वेगळं काय करायचं राहिलं?"

मी प्रश्नावली घडी करून पिशवीत ठेवली.

"एक मात्र विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "हे नियंत्रित म्हणजे काय हो? पोरं मला रोज विचारत. त्यांना वाटे, आपण वांड आहोत म्हणून आपल्याला नियंत्रणात ठेवलंय. शेजारी फुलं उडायची, शाब्बासक्या ऐकू यायच्या, आणि हे बिचारे खडूच्या धुळीत."

"तसं नाही, बाई. ज्यांच्यावर काहीच प्रयोग करायचा नसतो त्यांना तसं म्हणतात."

"अस्सं," बाई म्हणाल्या. "म्हणजे मी शिकवणं याला काहीच न करणं म्हणतात."

टालेसाहेब त्यांना मोकळं करणार आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीच डबा पुन्हा उघडत सांगितलं, की त्यांना ते ठाऊक आहे.

मी सरांकडे परत गेले आणि म्हणाले, उत्तर बरोबर आहे. फुलं, शाब्बासक्या, चार पर्याय, सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते रागावतील म्हणून मी तयारीने गेले होते, पण ते हसले.

"ठीक आहे. पेन ड्राइव्ह ठेवून जा. सादरीकरणाची मांडणी मी जरा पाहतो."

मी भाबडी होते, असं आता म्हणता येईल. तेव्हा मला वाटलं, सर मोठ्या मनाचे आहेत.

प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण विभागाच्या सभागृहात झालं. बाहेरच्या विद्यापीठातून एक तज्ज्ञ आले होते, त्यांना गाडीत नीट झोप लागली नव्हती, ती ते इथे पुरी करत होते. पहिल्या रांगेत टालेसाहेब. सरांनी माझी ओळख करून देताना मला "भावी डॉक्टर" म्हटलं आणि टालेसाहेबांकडे पाहून "भावी प्राचार्य" म्हटलं. मी बोलायला लागले. पार्श्वभूमी झाली, उद्दिष्टं झाली. मग पडद्यावर आलेख आला.

दोन खांब होते. उंच खांबाखाली लिहिलं होतं, 'गणितसोबती'. बुटक्याखाली, पारंपरिक अध्यापन. मांडणी सरांनी खरोखरच पाहिली होती.

सर मान डोलवत होते, वाचा, वाचा. टालेसाहेबांनी खिशातून पेन काढलं होतं. नुसता तो आलेख वाचायचा होता. खोटंही बोलायचं नव्हतं, खोटं आधीच लिहिलेलं होतं. बुटक्या खांबाकडे पाहताना मला एकदम बाईंचा झाकलेला डबा आठवला. आणि माझ्या तोंडून निघालं,

"हा आलेख चुकलाय. खांबांची नावं उलटी पडलीत. उंच खांब इंगोले बाईंचा आहे."

तज्ज्ञ जागे झाले.

"म्हणजे?" टालेसाहेब म्हणाले. "संगणक हरला?"

"हो, साहेब. बराच."

मी सरांकडे पाहिलं नाही. आता ते म्हणतील, विद्यार्थिनी गोंधळली आहे, बसा. पण मी त्यांना ओळखलंच नव्हतं. ते उठले, सावकाश पुढे आले, आणि आलेखाकडे असं पाहू लागले जसं काही तो त्यांना आत्ताच सापडलाय.

"छपाईची चूक दाखवल्याबद्दल मॅडमचं अभिनंदन," ते म्हणाले. "खरी गंमत आता आहे. हरला असं म्हणणं हा वरवरचा अर्थ झाला, टालेसाहेब. त्या बाई कित्येक वर्षं शिकवतायत. त्यांची तुकडी याच वर्षी का चमकली? कारण याच वर्षी शेजारच्या खोलीत संगणक होता! नुसत्या त्याच्या सान्निध्याने पारंपरिक शिक्षकाची कार्यक्षमता उंचावली. 'गणितसोबती' स्वतःच्या वर्गात जेवढं काम करतो, त्याहून जास्त भिंतीपलीकडे करतो."

तज्ज्ञांनी वहीत काहीतरी लिहिलं. "हे नवीन आहे," ते म्हणाले.

"मग बाईंचं काय करायचं?" टालेसाहेबांनी विचारलं.

"बाईंना काढून कसं चालेल?" सर म्हणाले. "मग सान्निध्याचा परिणाम होणार कुणावर?"

टालेसाहेबांना ते पटलं. संस्थेने सगळ्या शाळांसाठी 'गणितसोबती' घेतला, आणि प्रत्येक संगणक-खोलीच्या भिंतीला लागून गणिताच्या एकेक बाई ठेवल्या. इंगोले बाईंना तर तासिकेवरून उचलून पूर्ण वेळेवर घेतलं. मी जीव मुठीत धरून सांगितलेल्या खऱ्याने बाईंचं काही भलं झालं नव्हतं. त्यांची नोकरी सरांनी उभ्याउभ्या रचलेल्या थापेने वाचवली.

नंतर सरांनी मला बोलावलं. "तुम्ही मला तोंडावर पाडणार होतात. पण विषय मोठा दिलात. शीर्षक बदला. 'संगणक-सान्निध्याचा शिक्षकाच्या कार्यक्षमतेवरील परिणाम.' शेवटची दोन प्रकरणं नव्याने लिहा, पुढच्या सत्रात डॉक्टर व्हाल."

"पण सर, हे आपण तपासलेलंच नाही."

"तपासलं तर मग माझ्या सिद्धान्ताचं काय राहिलं?"

मी शीर्षक बदललं नाही. माझी नोंदणी मुदत संपून गेली. तो विषय आमच्याच विद्यालयातल्या एका सहकाऱ्याने घेतला, यथाकाल ते डॉक्टर झाले आणि प्राचार्यही. दोन्ही वेळा त्यांचा सत्कार झाला. माझा कधी झाला नाही.

बाईंचा फोन मात्र आला. मला वाटलं, आभाराचा असेल.

"ढोमणे बाई, सरांचा लेख मासिकात आलाय. शाळेत सगळ्यांनी वाचला. मी संगणकाच्या शेजारी बसते म्हणून चांगलं शिकवते, असं लिहिलंय त्यात?"

"बाई, मी ते लिहिलेलं नाही. पण निदान तुमची नोकरी..."

"नोकरी!" त्या म्हणाल्या. "देवळाबाहेर बसणाऱ्यालाही प्रसाद मिळतो, तशी ही नोकरी. माझ्या शिकवण्याची नाही मिळाली मला." आणि फोन ठेवला.

मला त्यांचा रागच आला होता. माझी खुर्ची गेली होती आणि या बाईंना पगार कुठल्या कारणाने मिळतो याचं दुःख होतं. पुढे सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हा कळलं, की इंगोले बाईंनी आपला वर्ग हलवला. मुख्याध्यापकांशी चांगलं भांडण करून, मैदानाच्या पार टोकाला जिथे कवायतीचं सामान ठेवत, त्या पत्र्याच्या खोलीत त्या सातवीला घेऊन बसल्या. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, संगणकाचं सान्निध्य जाईल. बाई म्हणाल्या, त्यासाठीच चाललेय. उन्हाळ्यात तिथे पत्रा तापायचा, पावसात बोललेलं ऐकू यायचं नाही. बाई ओरडून शिकवत. चाचणी मात्र त्यांनी माझ्याकडून मागून नेली, आमच्याच प्रयोगाची, सुरुवातीची आणि शेवटचीही. "तपासायला बाहेरचा माणूस ठेवा," असं त्यांनीच मला बजावलं. "माझ्या पोरांवर माझा जीव आहे, माझा भरवसा धरू नका."

वर्ष संपल्यावर त्या माझ्या घरी आल्या. पायऱ्या चढून दमल्या होत्या, पाणीसुद्धा न पिता त्यांनी गुणांचे कागद माझ्यापुढे ठेवले.

"घ्या. आता खरं काय ते काढा."

"बाई, काढून कुणाला दाखवायचं? विद्यापीठात मला कुणी उभं करत नाही."

"मला दाखवा ना. मी काय कुणी नाही?"

मी संगणक लावला. गुण भरताना त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि एकेक नाव आलं की बोलत राहिल्या. हा आधी पाढ्यांना रडायचा. ही बाप दारू पितो म्हणून आठवडाआठवडा येत नसे. सगळं भरून झाल्यावर मी कळ दाबली. उत्तर यायला क्षणही लागला नाही. बाईंनी पदराने कपाळ टिपलं.

"काय म्हणतोय?"

"गेल्या वर्षीच्या तुमच्या तुकडीशी ताडून पाहिलं, तर काही फरक नाही. म्हणजे शेजारी संगणक असला काय आणि नसला काय, तुमचं शिकवणं तेच."

"आणि पोरं?"

"सुरुवातीच्या आणि शेवटच्या चाचणीत फरक आहे. सार्थ फरक."

"सार्थ म्हणजे?"

नाफडे सरांच्या विभागात मी हा शब्द हजारदा लिहिला होता. तिथे कुणी त्याचा अर्थ विचारला नव्हता.

"सार्थ म्हणजे, बाई, हे योगायोगाने झालेलं नाही."

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. त्यांना ते आकडे वाचता येत नव्हते, तरी त्या एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर बोट नेत राहिल्या. मग त्यांचा आवाज, तो खणखणीत आवाज, एकदम खाली आला.

"नक्की ना?"

"शंभर टक्के असं शास्त्रात कधीच म्हणत नाहीत, बाई. शंभरात एखादी शंका ठेवावी लागते."

"एकच ना?" त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला उचलला. "असू द्या तेवढी."